कांचघरच्या बागेतले तीन टमाटर

हे माझ्या सख्ख्या काकांसोबत घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. दिनकर काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. चौतीस वर्षं जबलपूरच्या एका डिफेन्स फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर बसलेला माणूस. केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवायचे. भूतबित तर त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

तारीखही सांगतो. या वर्षीची अकरा जानेवारी. जागा, जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरामागची बाग.

बाग लतिका काकूंची. त्या मागच्या मार्चमध्ये गेल्या. त्यांनी वाळवून ठेवलेलं टमाटरांचं बी काकांनी ऑक्टोबरात पेरलं. काकूंच्या हातचं असं घरात तेवढंच उरलं होतं. काका त्या रोपांना जपायचे म्हणजे किती! जानेवारीत झाडं लालेलाल झाली.

आणि टमाटर गायब व्हायला लागले...

रोज दोन. कधी तीन. सोबत पालकही.

काका तपासणीला बसले. बसणारच! माकड असतं तर झाडं उपटून फेकली असती. घूस असती तर बीळ दिसलं असतं. पोपट अर्धं टोचून सोडतात. गोगलगायीची चकचकीत रेघ मागे राहते. इथे यातलं काहीच नव्हतं. नुसते देठ शिल्लक.

मग त्यांनी वाफ्याभोवती चाळलेली राख पसरली. काहीही आलं तरी पाऊल उमटणारच.

सकाळी पाहिलं तर राख जशीच्या तशी...

आणि दोन टमाटर कमी.

शेजारी धनेश राहतो, रेल्वेत आहे. तो भिंतीवरून डोकावून म्हणाला, "काकाजी, काय खाऊन राहिलं ते काहून पाहता? काय सोडून राहिलं ते पाहा ना. त्याच्यावरून ओळखू येते जनावर."

सोडलं होतं ते पत्ताकोबी आणि फुलकोबी. एका पानाला धक्का नाही.

"अच्छा! कोबी सोडणारं जनावर तर मी पाह्यलंच नाही बाप्पा," धनेश म्हणाला आणि डोकं खाजवत आत गेला.

काकांना धीर धरवला नाही. दहा तारखेच्या संध्याकाळी त्यांनी तीन पिकलेले टमाटर तोडले. चीर देऊन आत उंदराचं औषध भरलं. झाडांच्या बुडाशी नीट मांडून ठेवले.

"चलो, आता खा म्हणा," असं पुटपुटत त्यांनी साबणाने हात धुतले.

पहाटे साडेपाचला त्यांना जाग आली.

मागच्या नळावर कोणीतरी ओकत होतं.

कोरडं... पोटातून पिळवटून आलेलं... थांबून थांबून.

भिंतीपलीकडे धनेश असेल, घसा साफ करत असेल, असं समजून काकांनी कूस बदलली. नळ सुटल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

मग काहीच नाही... साडेसहा वाजून गेले तरी बागेत एक पाखरू बोललं नाही.

उजाडल्यावर काका मागे गेले. तिन्ही टमाटर नव्हते. राखेवर पाऊल नव्हतं. फक्त एका जागी पांढरे दाणे सांडलेले होते. औषध तर काळं होतं, मग हे काय म्हणून त्यांनी एक दाणा बोटावर घेतला. जिभेला लावला.

मीठ...

टमाटर मीठ लावून खाणारं जनावर कोणतं?

 काका धडपडत स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर एक कागद अजून चिकटलेला होता. काकूंचं डायलिसिस चालू असताना डॉक्टरांनी दिलेला. बंद काय काय? टमाटर, पालक, वरचं मीठ. चालेल काय? कोबी, तीही उकळून, पाणी फेकून.

तीन वर्षं काकूंनी ती बेचव कोबी गिळली. टमाटर लावायच्या, पाणी घालायच्या, गल्लीभर वाटायच्या. खायच्या मात्र नाहीत. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी एक चोरून तोडला होता. तळहातावर मीठही घेतलं होतं. काकांनी तो हिसकून भिंतीपलीकडे भिरकावला.

"एकच तर खाऊन राहिली होती जी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आणि दवाखान्यातून परत आल्या की त्या मागच्या नळावरच ओकायच्या. अशाच. थांबून थांबून.

काका धनेशकडे धावले. दाराला कुलूप होतं. तो रात्रीच ड्यूटीवर गेला होता.

परत येऊन पाहिलं तर नळाखालची फरशी ओली...

पुढचे आठ दिवस काका मेलेला उंदीर शोधत होते. नाल्या, माळा, टाकीमागची अडगळ, शेजाऱ्यांची अंगणं. उंदीर, घूस, मांजर, काहीही मेलेलं सापडू दे म्हणून हा माणूस देवापुढे हात जोडत होता. काही सापडलं नाही. कुठे वाससुद्धा आला नाही.

त्या दिवसापासून बागेतल्या एका पानाला कोणी तोंड लावलेलं नाही. टमाटर पिकतात, फुटतात, गळून पडतात. काका रोज संध्याकाळी एका वाटीत चांगले टमाटर आणि चिमूटभर मीठ ठेवतात. सकाळी वाटी तशीच असते.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवताना काका मध्येच थांबले.

"तू शिकलेला आहेस. एक सांग, गेलेल्या माणसाला जहर लागते का रे?"

 मी म्हणालो, "नाही काका. कसं लागेल?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मग ती ओकत काहून होती?"

 पुढचे दोन दिवस मी तिथे राहिलो, पण हात धुवायलासुद्धा त्या नळावर गेलो नाही.