ताणून ठेवलेली दोरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये नको. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. त्याला बायकोचं कौतुकसुद्धा धड करता येत नाही, तो थापा कुठून मारणार?

गावाबाहेर एक मोठी इस्टेट आहे. बंगल्याभोवती वीस एकर बाग, आणि साडू तिथला मुख्य माळी. त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या माळ्याने ती बाग आखली, चाळीस वर्षं राखली आणि झुडपांचं कुंपण छाटताना शिडीवरून स्वतःच्याच कात्रीवर पडून गेला. गळा चिरला होता. त्याचा एक नियम होता. कुंपण सरळ कापायला दोरी ताणायची, पण संध्याकाळी ती सोडायचीच. ताणलेली दोरी दिसली की काम पुरं केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

मालकांना कुंपण ठेंगणं हवं होतं. साडूने माणसाच्या गळ्याइतक्या उंचीवर दोरी ताणली, तोवर अंधार पडला. म्हणाला, "राहू दे तशीच, सकाळी परत कोण मापत बसणार."

मंगळवार होता. रात्रीचे दहाला दहा कमी. पाण्याचा कॉक बंद करायचा राहिला म्हणून तो बागेत गेला. बंद केला. मागे वळला, तर कुंपणाच्या टोकाकडून आवाज.

कच्च... कच्च...

दोरीच्या वरची पानं पडत होती. कात्री दिसत नव्हती. कापणारा दिसत नव्हता. मालकांचा कुत्रा भुंकत धावून गेला. एकदाच केकाटला. मुंडकं साडूच्या पायाशी येऊन पडलं.

"अहो..."

बायको. उशीर झाला म्हणून शोधायला आली होती. कुंपणातल्या फटीतून येताना वेणी काट्यांत गुंतली होती, आणि दोरी बरोबर गळ्यापाशी.

कच्च. दहा पावलांवर. कच्च. सहा.

साडूने वेणी ओढली. निघेना. दोरी ओढली. तुटेना.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "जा हो..."

"बाबा, चूक माझी आहे. काम मी पुरं करतो," साडू आवाजाकडे बघून म्हाताऱ्याला म्हणाला.

कच्च.

त्याने उजवा हात तिच्या गळ्यावर धरला. दोन बोटं उडाली. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर. दोरीही तुटली.

मग... काहीच नाही.

साडू कोसळला. मेव्हणीने हिसडा मारून वेणी सोडवली, मूठभर केस तिथेच राहिले. ती पहारेकऱ्याला आणायला फाटकापर्यंत पळाली. साडू बेशुद्ध, एकटा, फार तर पाव तास.

दवाखान्यात मी होतो. डॉक्टर म्हणाले, "रक्त तर थांबलंय. पण हे निळं काय लावलंत?"

मी वाकून पाहिलं. मोरचूद-चुन्याचा लेप. फांदी छाटली की ती सडू नये म्हणून माळी लावतात, तो.

मेव्हणी म्हणाली, "मी नाही लावला."

दोन्ही थोटकांवर, कडेपर्यंत, ब्रशने नीट लावलेला. अजून ओला होता.