सात नंबरच्या खोलीला दार नव्हतं

तल्ल अबू शूकच्या टेकाडावर आमचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा आणि पहिलं भांडण सहाला. भांडणारे ठरलेले. डॉक्टर रअद, बगदादहून आलेले आमचे खणतीप्रमुख, आणि शरकात गावचा कुदळवाला उस्ता हमदान; उस्ता म्हणजे उस्ताद. मी मधे बसून चहाचे पेले भरायची आणि दोघांनाही म्हणायची, भिंत अडीच हजार वर्षं पळाली नाही, चहा होईपर्यंत थांबेल.

टेकाडाच्या पायथ्याशी जुन्या कालव्याचं कोरडं पात्र होतं. बुख्तनस्सर राजाने जेरुसलेम जाळलं आणि तिथली माणसं पकडून आणून या कालव्याकाठी बसवली, त्यांचीच ही वस्ती, असं डॉक्टरांचं म्हणणं. असेलही. माझं काम मोजायचं. दिवानियाच्या कचेरीत मी एकवीस वर्षं खणतीचे नकाशे काढते आहे. टेप सांगेल तेवढं लिहायचं, जास्त अक्कल चालवायची नाही.

या कामात एक मेख आहे. आमच्याकडच्या भिंती कच्च्या विटांच्या. वीट म्हणजे माती, तिच्यावर कोसळलेला ढीगही माती, रंग तोच. नवखा माणूस कुदळ मारत भिंतीतून आरपार जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. भिंत ओळखायची विद्या शरकातच्या लोकांकडे बापाकडून मुलाकडे येते. उस्ता कुदळीचं टोक नुसतं टेकवायचा, हलकेच ठोकायचा, कान द्यायचा, मग खरवडायचा. वरची माती सुटून आतला गिलावा जसाच्या तसा उघडा पडायचा. चाळीस वर्षांत त्याने एकही भिंत कापली नव्हती.

"आमच्यात भिंत कापणाऱ्याच्या पोरीला स्थळ येत नाही," तो हसत सांगायचा. पण ती थट्टा नव्हती.

मार्चच्या शेवटी त्याने सात नंबरची खोली मोकळी केली. तीन मीटर चाळीस बाय दोन साठ. भिंती माझ्या छातीपर्यंत उभ्या, वर आभाळ. आतून चारही बाजूंनी गिलावा, कुठे भेग नाही. जमिनीवर खापराचा तुकडा नाही, राख नाही, हाडूक नाही. झाडून ठेवल्यासारखी जमीन. आणि दार नाही.

मी उत्तरेची भिंत वीट न् वीट वहीत काढली. वरच्या थरात तेरा विटा, सलग. जाडी बासष्ट सेंटिमीटर. पलीकडे अंगण, तेही आमचं खणून झालेलं, आणि त्या बाजूनेही भिंत कोरी.

"बिनदाराची खोली?" डॉक्टर म्हणाले. "माणसं काय वरून टपकायची?"

"शिडीने उतरत असतील," मी म्हटलं. "कोठारं असतात तशी."

"कोठार, आणि त्यात दाणा नाही?"

"ते ज्यांचं घर होतं त्यांना विचारा," उस्ता म्हणाला. "मला दार दिसलं नाही."

"दिसलं नाही, की कापलंत?"

चहाला बसलेल्या सगळ्यांनी उस्ताकडे पाहिलं. उस्ताने हातातली भाकरी खाली ठेवली, तिच्यावरचं लोणचं कपड्यावर सांडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. मला डॉक्टरांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण मी पेले भरत राहिले.

दुपारी मुक्कामाच्या तळावर डॉक्टरांनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं. दार अंगणाच्या बाजूलाच असणार, उत्तरेच्या भिंतीत, मधोमध. तुटक रेघेने दाखवा. मी दाखवलं. बाकी दारं ब्याऐंशी सेंटिमीटरची होती, म्हणून हेही ब्याऐंशी. ते गेल्यावर उस्ता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"पोरी, नको काढूस ते." मी चव्वेचाळीस वर्षांची, पण त्याच्या लेखी पोरगीच. "ज्यांनी घर बांधलं त्यांनीच दार ठेवलं नाही. आपण कोण ठेवणारे?"

"तुटक रेघ आहे, उस्ता. तुटक म्हणजे अंदाज."

"तुला ठाऊक. ज्याला वाचता येत नाही त्याला दार म्हणजे दार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार तिथे होतं.

म्हणजे बुजवलेलं दार. उत्तरेच्या भिंतीत मधोमध दोन उभे सांधे, त्यांच्यामध्ये वेगळ्या, लहान विटा भरलेल्या. मी टेप लावली. ब्याऐंशी. विटांमधल्या गाऱ्यावर बोट टेकवलं तर बोटाला चिखल लागला. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता.

डॉक्टरांना गाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. "हे काय आहे मग?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "चाळीस वर्षांचा अनुभव, आणि दार नाकासमोर असून दिसलं नाही."

"काल इथे भिंत होती," उस्ता म्हणाला.

"काल भिंत होती आणि रात्रीत दार फुटलं? शेंबड्या पोराला तरी पटेल का?"

त्यांनी मला तिथेच अहवालाचं वाक्य सांगितलं: दार उस्ताच्या नजरेतून सुटले, पुढील हंगामापासून त्यास बोलावू नये. मी उभ्या उभ्या लिहून घेतलं. माझ्या वहीत तेरा सलग विटा होत्या. वही उघडली असती तर डॉक्टर म्हणाले असते, म्हणजे तुम्हीही चुकलात. मी वही मिटली. त्या वही मिटण्याची मला आजही लाज वाटते.

शरकातचे बाकीचे गडी खाली बघत कामाला लागले. उस्ताने मला हाक मारली.

"तू वहीत काढल्या होत्यास ना त्या विटा?"

"काढल्या होत्या."

"मग सांग तसं त्यांना."

"सांगते," मी म्हटलं. "संध्याकाळी सांगते."

त्याने मान डोलावली आणि दारातल्या खालच्या चार विटा सोडवल्या. बुजवलेलं दार काढणं म्हणजे भिंत कापणं नव्हे, त्यात कमीपणा नाही. मी अंगणात जाऊन पलीकडे उभी राहिले. भिंतीवरून मला उस्ता दिसत होता, खाली बसलेला, भोकात हात घातलेला. हात कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत.

"हात पूर्ण गेला?"

"गेला."

त्याचा हात लांब होता, आणि भिंत बासष्ट सेंटिमीटर. बोटं माझ्या पायाशी बाहेर यायला हवी होती. माझ्या पायाशी कोरा गिलावा होता. मी वाकून त्याच्यावर तळहात ठेवला. गिलावा उन्हाने तापलेला होता, हलत नव्हता.

"वारा लागतोय," उस्ता म्हणाला. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. आवाज मात्र लांबून आला, विहिरीच्या तळाशी बोलावं तसा.

त्याने हात बाहेर काढला. बाही कोपरापर्यंत ओली होती. ती पिळत तो म्हणाला, "आत गिलावा आहे. चांगला गुळगुळीत. मी खणलेली खोली नाही ती."

"बुजवा ते," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"बुजवतो."

साडेदहाला पश्चिमेकडे आभाळ तांबूस झालं. धुळीचं वादळ येत होतं. डॉक्टरांनी काम थांबवलं, आम्ही तोंडाला फडकी बांधून तळाकडे धावलो. उस्ता म्हणाला, खोलीवर ताडपत्री टाकून येतो, तुम्ही व्हा पुढे.

तळावर दिवे लावावे लागले. दात एकमेकांवर टेकले की रेती कचकचायची. मला एका जागी बसवेना. उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. शेवटी नकाशा पुढे ओढला. संध्याकाळची वाट कशाला बघायची? मी ब्लेड घेतलं आणि ती तुटक रेघ खरवडून काढली, तिच्या जागी तेरा विटांची सलग भिंत काढली. खाली लिहिलं, उत्तरेच्या भिंतीत दार नाही, उस्ता हमदान यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि सही ठोकली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फार मोकळं वाटलं. कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं तेवढं.

साडेअकराला धूळ बसली. उस्ता आला नव्हता.

ताडपत्री घडी करून भिंतीवर ठेवलेली होती. खोलीत त्याच्या चपला होत्या, उत्तरेच्या भिंतीलगत, जोडीने नीट काढून ठेवलेल्या. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण काढतो तशा.

कुदळ नव्हती.

सोडवलेल्या चार विटा जमिनीवर नव्हत्या.

मी वरचा थर मोजला. तेरा.

डॉक्टर म्हणाले, अपमान झाला, गावी गेला असेल. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि तेही वरच्या थरातल्या विटा मोजायला लागले. मी शरकातच्या गड्यांना म्हटलं, कापा ही भिंत. कोणी पुढे होईना. मग मीच कुदळ घेतली. दुपारपर्यंत मी ती वीट वीट करून फोडली, हाताला फोड आले, आणि बासष्ट सेंटिमीटरनंतर मी अंगणात बाहेर पडले. अंगणात ऊन होतं, डॉक्टर उभे होते. बाकी काही नव्हतं.

त्या रात्री मी दार पुन्हा काढलं. मधोमध, ब्याऐंशी, तुटक. नंतर सलग रेघेने. दुसऱ्या भिंतींतही काढलं. रोज सकाळी जाऊन बघायची. काही झालं नाही.

पोलीस येऊन गेले. शरकातहून उस्ताची बायको आली, चपला घेऊन गेली. मला म्हणाली, "तुझं नाव सारखं घ्यायचे. ही पोरगी खोटी रेघ मारत नाही म्हणायचे." मी तिला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी पूर्वेच्या भिंतीची मापं घ्यायला सात नंबरमध्ये उतरले. सकाळचे नऊ वाजले होते, गडी पलीकडे टोपल्या रचत होते. टेप धरायला मी भिंतीला टेकले तेव्हा ऐकू आलं.

खरवडणं. मग एक हलका ठोका. मग शांतता, कान दिल्यासारखी. मग पुन्हा खरवडणं.

आवाज भिंतीच्या आतून येत होता, कंबरेच्या उंचीवर. तो सावकाश कोपऱ्याकडे सरकला. कोपरा ओलांडून उत्तरेच्या भिंतीत गेला. मी फोडलेल्या भगदाडापाशी थांबला नाही. अलीकडच्या विटांतून पलीकडच्या विटांत गेला, जणू तिथे भिंत शाबूत होती. पश्चिम. दक्षिण. पुन्हा पूर्व. गिलावा तपासत, दार शोधत.

मी भिंतीला तोंड लावलं.

"उस्ता, फोडा ती. ऐकताय ना? कापा भिंत. कोणी काही बोलणार नाही."

आवाज थांबला. त्याने ऐकलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

मग वीतभर पुढे खरवडणं पुन्हा सुरू झालं, अगदी हलक्या हाताने, गिलाव्याला ओरखडा पडू नये अशा बेताने.