आत्याचा डावा डोळा

दाराने आत्याला ओळखायला नकार दिला, तेव्हा घर आंजर्ल्याच्या खाडीवर संथ डुलत होतं. २०७१ सालची घरं फुग्यांना टांगलेलीच असत. स्वयंपाकघरातून ढग गेला की पोहे जरा मऊ पडत, एवढीच काय ती गैरसोय.

"उजव्या डोळ्याने आपण वसुधा लेले," दार म्हणालं. "डाव्या डोळ्याने कोण?"

"मेल्या, तुला मीच बसवलं ना!"

भाची मुक्ताने वाकून पाहिलं. आत्याचा उजवा डोळा घारा होता. लेल्यांकडे बारशाआधी बाळाचे डोळे पाहायची रीत, इतका त्यांना घारेपणाचा अभिमान. डावा मात्र तपकिरी!

"आजोबा, डोळ्याचा रंग बदलतो?"

निवृत्त औषधशास्त्रज्ञ आजोबांनी आधी पापण्यांचे केस पाहिले. डावीकडचे माडाच्या झावळ्यांसारखे लांब झाले होते.

"वसू, काय लावतेस?"

"पापण्या वाढवायचं प्रसाधन आहे हो! दोन्हीकडे एकदम नको, म्हणून पाच महिने डावीकडेच लावलं. आजपासून मुक्तालाही लावणार होते."

आत्याने दिलेली कुपी मुक्ताने खिशातून काढून आजोबांना दिली. तिचेही डोळे घारेच होते.

आजोबांनी भिंगातून बारीक अक्षरं वाचली. "हे काचबिंदूवरच्या (डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याचा आजार) औषधाचं सख्खं भावंड. त्या थेंबांनी रोग्यांच्या पापण्या वाढल्या. कुणीतरी तेवढंच पाहिलं आणि कुपीत भरलं."

"मग रंग?"

"औषध बुबुळापर्यंत झिरपलं तर तिथल्या पेशी जास्त रंगद्रव्य (रंग देणारा पदार्थ) बनवू शकतात. रोग्याला डॉक्टर हे आधी सांगतात, मधूनमधून तपासतात. इथे कोण तपासणार, आरसा? पावडरच्या डब्यात बसवलं म्हणून औषध पावडर होत नाही, मुक्ते."

"घारा परत येईल?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"लावणं थांबवलंस की केस पूर्वीसारखे होतील. रंग बहुधा राहील." आजोबांनी कुपी उजेडात धरली. "पण एक डोळा औषधाचा, एक बिनऔषधाचा! तुलना करायला याहून चांगला पुरावा कुठला?"

ढग आत आला, तिघांच्या मधून वाट काढत गेला.

मग आत्याने डोळे पुसले. "मुक्ते, कागद घे. औषध नियंत्रकांना लिही. पुढच्या कुपीवर रंग बदलण्याचा इशारा मोठ्या अक्षरांत हवा, नाहीतर कुपीच नको."

मुक्ता लिहू लागली: 'साहेब, माझ्या आत्याचे दोन्ही डोळे सुंदर आहेत. पण त्यातला एक तिला न विचारता बदलला.'