नवऱ्याचीच हरकत

मेलरॉय मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो स्टेपलरशी भांडत होता.

डॅडी गेल्यानंतर नंदाखाल गावातल्या केळीच्या वाडीवर आमची नावं लावायची होती. ज्या वकिलाकडे जायचं होतं तो त्या दिवशी आलाच नव्हता. कोर्टासमोर पावसात किती वेळ उभी राहणार? शेजारचं दार उघडं दिसलं, शिरले आत. टेबलामागे एक उंच, सडपातळ वकील कोणाच्या तरी कागदांना पिन मारत होता. मारायचा, बघायचा, उपटायचा, परत मारायचा. माझ्याकडे लक्षच नाही.

मी बाई तोंडाळ. म्हटलं, "वकीलसाहेब, पिन सरळ बसली की जमीन जास्त मिळते का?"

त्याने वर बघितलं. कान लाल झाले. "नाही... पण वाकडी बसली की मला झोप येत नाही."

तेव्हा मला तो विनोद वाटला. मी खळखळून हसले, आणि तोही हसला, जरा उशिराने.

आमचं काम त्यानेच केलं. कागद तयार झाल्यावर, 'मी येऊन घेते' म्हटलं तरी स्वतः द्यायला आला. एव्हरशाईन सिटीत माझं ब्युटी पार्लर आहे. बाहेर 'फक्त महिलांसाठी' लिहिलंय म्हणून साहेब पायरीवरसुद्धा चढले नाहीत, छत्री धरून रस्त्यावरच उभे! आत फेशियलला बसलेल्या बायका माझ्याकडे बघून खोकायला लागल्या. मी बाहेर गेले. त्याची बाही भिजली होती, कागद मात्र कोरडे होते.

मग मेसेज सुरू झाले. मी काही विचारलं की त्याच्याकडून 'टायपिंग' दिसायचं, जायचं, परत दिसायचं... माझा चहा संपायचा, आणि मग उत्तर यायचं, "हो." मी जाम चिडवायची. पण खरं सांगू? आवडायचं मला. माझ्यासाठी एवढा विचार करणारा माणूस कुठे भेटला होता?

लग्नाचं त्याने सांडोरला, त्याच्या घराच्या ओट्यावर विचारलं. "ज्युली, मी... म्हणजे तू आणि मी... थांब, परत सांगतो."

"परत नको सांगूस," मी म्हटलं. "कळलं."

आमच्यात लग्नाआधी ओळीने तीन रविवार चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत दोघांची नावं वाचतात, कोणाला हरकत असेल तर फादरना कळवा म्हणून. पहिल्या रविवारी आमची नावं ऐकून आईने डोळे पुसले. दुसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादर आलोशियसनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, हरकत आली आहे. माझं डोकंच फिरलं. कोण मेला उठला आता माझ्या मुळावर, म्हणून विचारलं. फादर खाली बघत म्हणाले, नवऱ्याचीच.

मी तशीच रिक्षा करून सांडोरला गेले. दारात ग्लोरिया आंटी, त्याची आई. मला बघून रडायलाच लागली, आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. त्या आठवड्यात एका दाव्यात मेलरॉयकडून शेताचा सर्व्हे नंबर चुकला होता. कोर्टाने दुरुस्ती करायला सांगितली, त्याने केली, अशील तर चहा पाजून गेला. कोणाचं काही बिघडलं नाही. पण हा जेवेना. जुन्या केसेसचे गठ्ठे घरी आणून परत परत तपासत बसला. कोर्टात उभं राहण्याआधी त्याला ओकाऱ्या व्हायच्या, आणि हे म्हणे आत्ताचं नव्हतं, वकिली सुरू केल्यापासूनचं होतं. मला सांगायचं नाही अशी त्याने आईला शपथ घातली होती. वकिलाच्या डोक्यावर परिणाम झालाय असं बाररूममध्ये, बाकीच्या वकिलांना कळलं तर कामं कोण देणार, हे त्याचं म्हणणं.

तो आत पलंगाच्या कडेला बसला होता.

"फादरना सांगितलंस, आणि मला नाही?"

"माझ्यात दोष आहे, ज्युली. तो लपवून लग्न केलं तर ती फसवणूक होते. तुला सांगितलं असतं तर तू तरीही हो म्हणाली असतीस."

"मग?"

"ते दयेपोटी झालं असतं."

वकील तूच, साक्षीदार तूच, जजही तूच! माझा संताप झाला. पण तो चादरीची एकच सुरकुती परत परत सरळ करत होता. मग भांडले नाही. दुसऱ्या दिवशी पार्लर बंद ठेवलं आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तो बरा होत गेला. नाताळात पोटभर जेवला, हसला, माझ्याशी नाचलासुद्धा. डॉक्टर म्हणाले, खुशाल लग्न करा, गोळ्या काही दिवस चालू राहतील. फादर पुन्हा नावं वाचायला तयार होते. मेलरॉय म्हणाला, आधी गोळ्या बंद होऊ देत. ईस्टर आला. म्हणाला, अजून थोडं. मधे एका रात्री तो दचकून जागा झाला होता, म्हणून आधीच्या सगळ्या चांगल्या रात्री त्याने रद्द धरल्या होत्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही समुद्रावर, सुरूच्या झाडांखाली बसलो होतो. त्याने माझ्या केसातली सुरूची काडी हळूच काढली. किती जवळ होता तो!

"पूर्ण बरा कोणीच नसतो रे," मी म्हटलं. "मी तरी आहे का? राग आला की भांडी आपटते. तू आत्ता आहेस तसा ये."

त्याने ती काडी वाळूत सरळ रोवली. "असा कसा येऊ? तुला चांगला नवरा मिळायला हवा, ज्युली... थांबशील ना?"

तेव्हा मला कळलं. गोळ्या, डॉक्टर, जागरणं, सगळं मी निभावलं असतं. पण मला जो हवा होता तो शेजारी बसला होता, आणि नेमका तोच मला द्यायला मेलरॉय तयार नव्हता. ज्याच्यासाठी मी थांबायचं होतं तो मेलरॉय कधीच येणार नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. निकाल बरोबरच लागलाय अशी. दिवसभर परक्यांची बाजू मांडणारा माणूस, स्वतःच्या बाजूने एक वाक्य बोलला नाही.

त्या एका वाक्यासाठी मी रिक्षा स्टँडपर्यंत अगदी हळूहळू चालत गेले.