अठरावी ओळ

पान बिघडलं की लोक मला फोन करतात. जळगावात वेबसाइट बनवणारे पुष्कळ आहेत, पण तीच वेबसाइट एका ब्राउझरमध्ये सरळ आणि दुसऱ्यात वाकडी दिसायला लागली की सगळे हात टेकतात आणि मग त्यांना दिपमाला मॅडम आठवतात. मी स्वतःची स्तुती करते आहे हे मला कळतं. अकरा वर्षांत एकही पान दुरुस्त न करता परत पाठवलेलं नाही, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

काम समजायला सोपं आहे. एका फाइलमध्ये नुसती माहिती असते, तिला एक्सएमएल म्हणतात. दुसऱ्या फाइलमध्ये ती माहिती कशी मांडायची याचे नियम असतात. दोन्ही जुळवून पान तयार होतं आणि ब्राउझर ते दाखवतो. बिघाड याच वाटेवर कुठेतरी होतो. कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, तर कधी एखादी रिकामी खूण, म्हणजे टॅग, बंद करायची राहून जाते आणि पुढचा सगळा मजकूर तिच्या पोटात शिरतो. कारण मात्र नेहमी सापडतं. फाइलमध्ये नाही ते पानावर येत नाही, हे मी ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

आमचं गाव एरंडोलपासून सात-आठ किलोमीटरवर. तिथे श्रावणात आमच्या भावकीची कानबाई देवी बसते आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजून घेतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे, मग तो पाळण्यातला का असेना, सव्वा मूठ. एकही मूठ कमी पडता कामा नये आणि एकही जास्त होता कामा नये. लेकींची मूठ घेत नाहीत, त्यामुळे माझी कधी घेतली नाही. लीलाधर नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे चुलतभाऊ, ही नावं एका वहीत ठेवायचे. मागच्या वर्षी सुरतेला जन्मलेलं एक बाळ वहीत चढवायचं राहिलं आणि त्यावरून इतका वाद झाला की या वर्षी नानांनी वही माझ्या हातात दिली.

"तुना त्या कॉम्प्युटरवर टाकी दे वं बेटा," ते म्हणाले. "सुरत, नाशिक, बठ्ठा जन आपापलं नाव दखी लेतीन."

माझी छाती फुगली. ज्या यादीत मला जागा नाही ती यादी आता माझ्या हाताखालून जाणार होती. आषाढ लागला त्या आठवड्यात मी फाइल बनवली. एकोणीस घरं, बासष्ट पुरुष, प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख. अनुक्रमांक आणि वय पान स्वतःच काढणार. खाली एकूण संख्या, तीही पानच फाइलमधली नावं मोजून दाखवणार. पान चढवलं आणि घराण्याच्या ग्रुपवर लिंक टाकली. अर्ध्या तासात चाळीस अंगठे आले.

मग नानांचा फोन आला. "अठरा नंबरले कोन शे वं? आठे तं नावच नही."

मी पान उघडलं. सतरावर आमचे आबा, पंडित. एकोणीसवर पुढच्या घरातले सुकलाल काका. मधे अठरा आकडा, आणि त्यापुढे कोरी ओळ. खाली एकूण बासष्ट, पण शेवटचा अनुक्रमांक त्रेसष्ट.

आबांच्या खाली कोणाची जागा होती हे मला सांगायला नको होतं. माझा धाकटा भाऊ प्रेमराज नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. त्याला ट्रकवर जायचं होतं. पंडितचा मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होणार नाही, असं आबांनी भर ओट्यावर सांगितलं, आणि आमच्या घरात शब्द मागे घ्यायची पद्धत नाही. एकदा शिरपूरच्या चौफुलीवरून त्याचा मायला फोन आला, मी बरा शे म्हणाला, आणि त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही. आम्ही धुळ्याला, शिरपूरला, पार सेंधव्यापर्यंत शोधलं. तीन वर्षं नानांनी त्याची मूठ घेतली. चौथ्या वर्षी आबाच म्हणाले, कमी करा. "जो शे त्यानी मूठ. जो शे का नही तेच माहीत नही, त्यानी कसानी मूठ?"

म्हणून मला आधी माझाच संशय आला. सवयीने त्याचं नाव घालून पुसलं असेल, खूण मागे राहिली असेल. फाइल तपासली, तर खूण नव्हती. जुन्या प्रती काढल्या, नाव कधी घातलेलंच नव्हतं. न दिसणारी अक्षरं शोधली, नियमांची फाइल पुन्हा लिहिली, तीन ब्राउझरांत आणि पाच फोनवर पाहिलं. ओळ सगळीकडे होती. पानावरची यादी उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवली की बासष्ट नावं सलग यायची. तेच पान छापलं की अठरावर कोरी जागा यायची.

ऑफिसातला रुपचंद माझ्यामागे उभा राहून बघत होता. "मॅडम, त्या ओळीवर क्लिक करा ना. ती कशापासून बनली ते दिसेल."

मी क्लिक केलं. ओळ बनते त्या खुणा बाजूच्या चौकटीत दिसतात. सतरावर क्लिक केलं की सतराच्या खुणा उजळत होत्या, एकोणीसवर केलं की एकोणीसच्या. अठरावर काहीच उजळलं नाही.

"तुमच्याकडूनच काहीतरी राहिलं असेल," रुपचंद हळूच म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

ब्राउझरवर भरवसा नको म्हणून मी दोन्ही फाइली माझ्याच मशीनवर जुळवल्या आणि तयार झालेलं साधं पान चढवलं. आता ब्राउझरला करायचं काहीच उरलं नव्हतं. पान उघडलं. अठरावी ओळ होती तिथेच होती, फक्त वयाच्या रकान्यात आता एक आकडा आला होता. तेहेतीस.

प्रेमराज तेहेतीसचा होता.

रविवारी गावी गेले तेव्हा माय फोन घेऊन ओट्यावर बसली होती. तिला वाचता येतं, पण सावकाश. बोटाने ती पान खाली सरकवत होती आणि अठरावर थांबत होती.

"मी काढणार आहे ती ओळ," मी म्हणाले. "चूक आहे ती."

"हात लावू नको," माय म्हणाली. "मी रोज दखस. ऱ्हाऊ दे."

आबा आतून ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

पंधरा जुलैला सकाळी मी ऑफिसात पोचले तर मायचा फोन. तिचा आवाज इतका हलका मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "आज चौतीस दखास," ती म्हणाली. "आज त्याना वाढदिवस शे ना."

मी पान उघडलं. चौतीस. त्या ओळीला नाव नव्हतं, जन्मतारीख नव्हती, माझ्या फाइलमध्ये ती ओळच नव्हती, आणि तरी ती आज एक वर्षाने मोठी झाली होती. मी खुर्चीत मागे टेकून बसले. खोटं कशाला सांगू, भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. तो कुठेतरी होता. त्याचं वय वाढत होतं.

त्या दिवसानंतर मी दुरुस्ती थांबवली. ग्रुपवर कोणीतरी जळगावच्या इंजिनीअरला एक ओळ पुसता येईना म्हणून माझी थट्टा केली. एरवी मी अशा माणसाला सोडलं नसतं. या वेळी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचाही मला अभिमान वाटला.

आमच्याकडे गहू कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मोजतात. अंगणात धुतलेलं कापड अंथरलं होतं. नाना फोनमध्ये बघून एकेक नाव घेत होते आणि सव्वा मूठ टोपलीत टाकत होते. सतरा झाले. नानांचा हात थांबला.

माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

आबा उठले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना उठायला वेळ लागला. त्यांनी स्वतःच्या हाताने मूठ भरली, टोपलीत सोडली, वर पाव मूठ घातली आणि जागेवर येऊन बसले. "पुढे चाला नाना," ते म्हणाले. मला तेव्हा त्यांचा जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं, समोर फुलोरा. दुपारी बायका स्वयंपाकघरात रोटाच्या पोळ्या करत होत्या, पुरणाचा वास अंगणापर्यंत येत होता. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले होते. सुरतेच्या पाहुण्यांना पान दाखवायचं होतं आणि मला ते दाखवायची हौस होती.

नाना त्यांचा फोन घेऊन माझ्याकडे आले. हसत होते.

"आते कशी बरोबर शे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पंडितनी आंडेरनी शेवटी करंच दुरुस्त." लेकीला आमच्याकडे आंडेर म्हणतात.

मी लॅपटॉपवर पान उघडलं.

सतरा, आबा. अठरा, सुकलाल काका. एकूण बासष्ट. शेवटचा अनुक्रमांक बासष्ट.

सुरतेच्या पाहुण्यांनी मान डोलावली. कोणीतरी वा म्हणालं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फाइलला माझा शेवटचा हात लागून तीन आठवडे झाले होते.

"तूच काढी ना वं?" नानांनी विचारलं.

आत लाटण्याचा आवाज थांबला होता. माय ऐकत होती. आबा खाटेवरून माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर त्या दोघांना त्याच क्षणी कळलं असतं, जे मला कळलं होतं. न केलेल्या कामाचं श्रेय मी उभ्या आयुष्यात घेतलेलं नव्हतं.

"हो नाना," मी म्हणाले. "मीच काढली."

माय बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ होतं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, आणि ते मला चाललं असतं.

"काबर काढी?" तिने विचारलं.

मी पान वर-खाली सरकवत राहिले.

"मंग परत टाकी दे," माय म्हणाली. शांतपणे म्हणाली. तिची लेक पानांतलं काहीही दुरुस्त करू शकते हे तिने गावभर सांगितलेलं होतं.

मी फाइल उघडली. आबांच्या नावाखाली नवी नोंद केली. या वेळी कोरी ठेवली नाही. प्रेमराज पंडित, जन्म पंधरा जुलै. प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं. प्रत्येक खूण बंद केली. पान पुन्हा तयार केलं, चढवलं. कुठेही चूक नव्हती.

माय पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसली, रोज फोन घेऊन बसायची तशी, बोट पुढे करून.

मी पान उघडलं. सतरा, आबा. अठरा, सुकलाल काका. तिच्या बोटाआधी मी पान खाली सरकवलं.

एकूण त्रेसष्ट.

शेवटचा अनुक्रमांक बासष्ट.