थोरलीनं न फाडलेला कागद

सभागृहामागच्या दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत आज जोडीला कोण आहे, हे थोरलीला दार उघडल्यावर कळलं... आणि तिचा पाय दारातच अडला. हेडफोन लावून बसली होती तिची सख्खी धाकटी बहीण!

दुभाष्यांना अबोला परवडत नाही. वक्ता बोलत असतानाच एकीनं ते दुसऱ्या भाषेत बोलायचं, शेजारणीनं आकडे, नावं लिहून पुढे सरकवायची, आणि वीस मिनिटांनी पाळी बदलायची. सात वर्षं तोंड न पाहिलेल्या बहिणींना आज खांद्याला खांदा लावून बसणं भागच होतं.

ही विद्या धाकटीला शिकवली कुणी? थोरलीनंच! परदेशातल्या नोकरीसाठी झालेली स्वतःची निवड सोडून ती आजारी आईपाशी राहिली आणि धाकटीला शिकायला पाठवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचं तुटक बोलणं फक्त थोरलीला समजे. ती ते टिपून घेई आणि फोनवर धाकटीला सांगे. आई म्हणते, मी बरी आहे, परीक्षा देऊनच ये. धाकटी परीक्षा देऊन आली, तेव्हा आईला जाऊन चार दिवस झाले होते.

"तू आईचे शब्द बदललेस," ती दारातच म्हणाली होती.

दुभाष्याला याहून मोठी शिवी नाही. थोरलीनं ती निमूट गिळली. का गिळली, ते तिचं तिलाच ठाऊक!

आज आधी थोरली माइकवर बसली. वक्ता सुसाट सुटला होता आणि ही त्याच्या मागोमाग, जराही न डगमगता. आकडे लिहिता लिहिता धाकटीचे कागद संपले, म्हणून तिनं थोरलीची वही ओढली. मागच्या कप्प्यातून घडी घातलेला एक जुना कागद पडला. बाण, गोल, फुल्या... दुभाषे वाक्यं लिहीत नाहीत, खुणा लिहितात, आणि ज्याच्या त्याच्या खुणा निराळ्या. थोरलीनं धाकटीला शिकवलेल्या या खुणा जगात दोघींनाच वाचता येत होत्या. वर तारीख होती, आई जाण्याच्या आठवडाभर आधीची, आणि खाली आईचे शब्द.

'तिला बोलावू नकोस. बरी आहे म्हण. परीक्षा होऊ दे. पुढे रागावली तर तुझ्यावर रागावू दे. माझ्यावर राग धरून पोरगी जगायची नाही. तू सोसशील.'

काम संपलं की असे कागद फाडायचे असतात. थोरलीनं हा एकच फाडला नव्हता.

पाळी बदलली. शेवटची वीस मिनिटं धाकटीची होती. धाकटीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज कापेल तर शपथ! रडायचं ते माइक बंद करून, हेही थोरलीनंच शिकवलेलं. वक्ता पाणी प्यायला थांबला, तशी तिनं माइक बंद केला.

"ताई... तू एक शब्दही बदलला नव्हतास."

थोरलीनं तिच्यापुढचा कागद पाहिला. समोर वक्त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तो सुरू झाला बघ. बोल," ती म्हणाली आणि आकडा लिहायला हात पुढे केला.

तो हात धाकटीनं धरला, तो सभा संपेपर्यंत सोडला नाही. उरलेले सगळे आकडे थोरलीनं डाव्या हातानं लिहिले.