दरीतून आलेली ओळ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. ठेवाच. हे माझ्या सख्ख्या दादाच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. देवाला स्मरून सांगते.

दादा कीर्तनात मागे उभा राहून गातो. बुवांनी ओळ म्हटली की ती उचलायची, वर न्यायची, पुन्हा त्यांच्या हाती द्यायची. पुढचा थांबेपर्यंत मागच्याने ओळ सोडायची नाही. उभं आयुष्य त्याने हेच केलं. घरात कुणी नुसतं गुणगुणलं तरी हा मागून सूर धरणार!

डोंगरातल्या एका रिसॉर्टवर आम्ही तिघं गेलो होतो. दादा, वहिनी आणि मी. चार दिवस नुसतं लोळायचं, एवढाच बेत.

संध्याकाळचा चहा व्हरांड्यात चालला होता. समोर हिरवळ, मग लाकडी कठडा, मग दरी.

चहा आणणारा म्हणाला, "हाका मारून बघू नका हं. समोर डोंगरच नाही, हाक परत येत नाही. लोक उगाच घसा बसवून घेतात."

आम्ही हसलो.

मग धुकं वर आलं. हिरवळ दिसेनाशी झाली. कठडाही.

आणि दरीतून कुणीतरी गायलं...

एकच ओळ. देवाच्या नावाची. गळा गोड, तयारीचा.

दादाने कप ठेवला आणि ओळ उचलली.

"घ्या! इथेही मागे उभे!" वहिनी म्हणाली. "वन्सं, यांना स्वर्गात नेलं तरी हे आधी विचारतील, बुवा कुठे आहेत?"

ओळ पुन्हा आली... जरा लांबून.

दादा उठला. गात गात पायऱ्या उतरला आणि धुक्यात शिरला.

पुन्हा आली... आता खालून.

तो सूर जिथून येत होता, तिथे जमीनच नव्हती.

"दादा!"

तो गातच होता. पण कठड्याच्या पलीकडून...

मी धावले. आधी हाताला कठडा लागला, मग त्याचा स्वेटर. बाहेरच्या अरुंद कडेवर उभा होता तो. मी ओढलं. वहिनीने ओढलं.

"अहो, मागे या! माझं ऐका ना!"

हलेना. काडीसारखा माझा भाऊ, पण खांब झाला होता. डोळे उघडे. ओळ चालूच.

त्याने एक पाय पुढे उचलला...

पुढचा थांबल्याशिवाय हा थांबणार नव्हता. मग देवानेच सुचवलं म्हणा. कीर्तन संपताना होतो, तो जयजयकार मी बेंबीच्या देठापासून केला. तो झाला की सगळेच थांबतात.

दादा थांबला. पाय मागे आला.

खालीही शांत...

आणि मग दरीतून जयजयकाराला उत्तर आलं.

एका गळ्याचं नाही. कितीतरी जणांचं. बायका, पुरुष, म्हातारे...

दादाला कठड्याच्या आत ओढलं आणि आम्ही तसेच निघालो. घाट उतरलो. खाली वस्तीचे दिवे दिसले, तेव्हा दादा हळूच म्हणाला,

"चिमणे, उत्तर देणारे सगळे माझ्यासारखे मागचेच होते गं."

"आणि पुढचा?"

"तो त्यांच्यात नव्हता. तो थांबलेलाच नाही."

दादा अजून गातो. देवाचं गाणं सोड, असं कुठल्या तोंडाने सांगू? मीही जाते, अगदी पुढे बसते. पण डोळे मिटून ऐकणं आता होत नाही. लोक त्याच्या गळ्यावर माना डोलावतात...

मी त्याच्या पायांकडे बघत असते.